सात आणि आठच्या मधली जागा

१

सोमवारी सकाळी साडेआठला ती तळघरातल्या आपल्या खोलीचं कुलूप उघडत होती, तेवढ्यात आतला फोन वाजायला लागला. हाडांच्या वॉर्डातल्या सिस्टर होत्या.

"ताई, आमच्या स्क्रीनची पार वाट लागलीय. चौकटी एकमेकींच्या उरावर बसल्यात. कुणाला कोणती गोळी द्यायची, काही म्हणता काही दिसत नाही."

"आलेच," ती म्हणाली. तिला नवल वाटलं नाही. हे दुखणं तिनेच ओढवून घेतलं होतं.

इस्पितळातल्या सगळ्या स्क्रीनवरची पानं सांभाळणं हे तिचं काम. आधी दोघं होते. ज्या दादाने तिला बोट धरून हे काम शिकवलं, तो दोन वर्षांपूर्वी दुसरीकडे गेला आणि सगळा डोलारा तिच्या एकटीच्या डोक्यावर आला. ही पानं ज्या तयार सांगाड्यावर उभी होती ते फ्रेमवर्क फार जुनं झालं होतं. रविवारी, गर्दी नसताना, तिने ते एकदाचं अपग्रेड केलं. जाता जाता कोडमधल्या चार-दोन जुन्या ओळी, ज्यांचा कशाशी काही संबंध लागेना, त्याही झाडून काढल्या. घर बदलताना आपण फुटके डबे टाकून देतो, तशा.

वॉर्ड पहिल्या मजल्यावर होता. लांबलचक दालन, एका भिंतीशी ओळीने बारा खाटा, प्रत्येक खाटेभोवती छताला टांगलेला हिरवा पडदा, आणि समोरच्या भिंतीवर, सिस्टरांच्या टेबलामागे, तो मोठा स्क्रीन. प्रत्येक खाटेची एक चौकट. तिच्यात नंबर, नाव, डॉक्टर आणि औषधांच्या वेळा. एका रांगेत चार, अशा तीन रांगा.

अकरा नंबरवर तिची आई होती. गेल्या बुधवारी न्हाणीघरात पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. पायाला वजन लावून तिला उताणी निजवली होती. ऑपरेशन या गुरुवारी व्हायचं होतं.

"तुझा तो टीव्ही बिघडलाय बघ," आई पडल्या पडल्या म्हणाली.

"आई, तो टीव्ही नाहीये."

"तरीच मालिका लागत नाही!" बारा नंबरवरून ड्रॉइंग मास्तर म्हणाले. निवृत्त माणूस, मनगट आणि घोटा दोन्ही प्लास्टरात, जीभ तेवढी धडधाकट. आईची आणि त्यांची चार दिवसांत गट्टी जमली होती.

बिघाड सोपा होता. जुन्या आवृत्तीत रांगांना आणि चौकटींना जी नावं होती ती नव्या आवृत्तीत बदलली होती, त्यामुळे पानाला आपलीच माणसं ओळखू येईनात. तिने नावं बदलली, अंतरं जुळवली. तासाभरात चौकटी शहाण्या मुलांसारख्या रांगेत उभ्या राहिल्या. एवढंच की सात नंबरनंतर एक जागा रिकामी राहत होती. बरोबर एका चौकटीएवढी. त्यामुळे आठ नंबर खालच्या रांगेत गेला होता आणि बारा नंबर चौथ्या रांगेत ढकलला जाऊन स्क्रीनच्या कडेशी अर्धा कापला गेला होता.

"मास्तर, तुम्ही कमरेतून कापले गेलात," सिस्टर हसून म्हणाल्या.

"दुपारपर्यंत जोडून देते," ती म्हणाली.

२

तळघरात तिच्या खोलीला लागूनच धुलाईखाना होता. दिवसभर तिथली यंत्रं भिंतीपलीकडे घरघरत असत. त्या आवाजाची तिला इतकी सवय झाली होती की तो थांबला तरच तिचं लक्ष जाई.

तिने स्वतःच्या संगणकावर वॉर्डाचं पान उघडलं. बारा चौकटी, तीन रांगा, कुठे तसूभर फरक नाही. मग तिने इथूनच वॉर्डाचा स्क्रीन पाहिला. तिथे सात आणि आठच्या मध्ये ती जागा होतीच. तिने ब्राउझरने साठवलेल्या जुन्या प्रती पुसल्या, तो बंद करून उघडला, पान तीन वेळा नव्याने आणलं. जागा जाईना. पानाच्या पोटात काय आहे ते दाखवणारी खिडकी उघडली. सातची चौकट संपत होती आणि पुढच्याच ओळीला आठची सुरू होत होती. मध्ये काही नव्हतं. शब्द नाही, रेघ नाही, साधं अंतरही नाही.

तिने सहज माउस त्या जागेवर नेला. बाणाचा हात झाला.

माउसचा हात होतो तो जिथे दाबता येतं तिथे. कुठलीही चौकट दाबली की त्या पेशंटची नोंद उघडते. तिने दाबलं. एक नोंद उघडली. नाव कोरं, वय कोरं, डॉक्टर कोरे. दाखल झाल्याची तारीख तेवढी भरलेली होती. रविवारची.

ती खुर्चीत मागे रेलली. रिकाम्या नोंदीला यंत्र आपोआप त्या दिवसाची तारीख लावतं. अपग्रेड करताना कुठेतरी एक रिकामी नोंद पडली असेल. असंच झालं असणार. तिने ती नोंद पुसली, पुसली गेल्याची खात्री केली, आणि जेवणाच्या सुट्टीत आईला भेटायला वर गेली.

"ताई, तुम्ही आलात ते बरं झालं," मास्तर म्हणाले. "मला कोण ढकलतंय, जरा विचारा. सकाळी माझं डोकं खिडकीशी होतं, आता दाराशी आलंय. येणारा-जाणारा माझ्या प्लास्टरला धडकतो."

तिने पाहिलं. मास्तरांची खाट खरंच दाराच्या चौकटीला टेकली होती. आईचीही सरकली होती. ती ओळीने मागे चालत गेली, फरशा मोजत. दोन खाटांमध्ये तीन फरशा, तीन फरशा, तीन फरशा. सात आणि आठच्या मध्ये अकरा.

एक खाट आणि तिच्या दोन्ही बाजूंच्या फटी मावतील एवढी जागा.

"मावशी, खाटा तुम्ही हलवल्या का?" तिने झाडू मारणाऱ्या मावशींना विचारलं.

"मी कशाला हलवू बाई? चाकांना ब्रेक आहेत. आणि यांच्या पायाला वजनं टांगलेली. हलवलं तर सगळा वॉर्ड बोंब मारेल."

हे बोलताना मावशी सात आणि आठच्या मधल्या मोकळ्या फरशीला वळसा घालून झाडत होत्या. खाटेच्या कडेने झाडतात तसा, कोपऱ्यात वाकून, झाडू आत घालून.

स्क्रीनवरची जागा तशीच होती.

३

मंगळवारी ती आधी वॉर्डातच गेली. दाराशी आईची खाट होती. मास्तरांची नव्हती.

"मास्तरांना कुठे हलवलं?"

"कुठले मास्तर?" सिस्टरांनी वहीतून डोकं वर काढलं नाही.

"बारा नंबर."

"ताई, सकाळी सकाळी चेष्टा नको. वॉर्ड अकरा खाटांचा आहे."

तिने स्क्रीनकडे पाहिलं. चौथी रांग पूर्णपणे खाली निघून गेली होती. सिस्टरांची वही तिने ओढूनच घेतली. अकरा नावं. बाराव्या ओळीचा कागद कोरा होता, खाडाखोड नव्हती.

आईने तिचा हात धरला. आईचा हात गार पडला होता.

"मला आठवतायत गं ते," आई हळू आवाजात म्हणाली. "पहाटे मला म्हणाले, बाई, मला जरा धरता का. मी हात लांब केला, पण पोचला नाही. मग मावशी आल्या, त्यांनी फरशी पुसली. तिथे काही नव्हतंच, अशी पुसली."

सकाळी अकरा वाजता, भेटायच्या वेळेला, मास्तरांच्या बायको आल्या. हातात थर्मास, खांद्याला पिशवी, पिशवीत घडी घातलेलं वर्तमानपत्र. त्या दारात उभ्या राहिल्या, खाटा मोजल्या, परत मोजल्या.

"सिस्टर, आमचे हे?"

सिस्टरांनी नाव विचारलं, यादी पाहिली, सौजन्याने मान हलवली. दुसऱ्या मजल्यावर चौकशी करा, म्हणाल्या. पहारेकऱ्याने सांगितलं, या नावाचं कुणी दाखलच नाही. बाई शेवटी व्हरांड्यातल्या बाकावर बसल्या. थर्मासचं झाकण त्या उघडत होत्या आणि लावत होत्या.

"काल तर इथेच होते हो," त्या तिला म्हणाल्या. "काल माझ्याशी भांडले."

तिला एकदम कळलं होतं की आपण हे काम दुपारपर्यंत करून देते म्हणालो होतो, आणि केलं नाही.

ती परत आत वळली. आता सात आणि आठच्या मध्ये छतापासून एक हिरवा पडदा लोंबत होता. चारी बाजूंनी लावून घेतलेला. आणि स्क्रीनवर तिच्या डोळ्यांदेखत पान एकदा लुकलुकलं. आता मध्ये दोन जागा रिकाम्या होत्या. आठ, नऊ, दहा पुढे सरकले. अकरा नंबर एकटाच चौथ्या रांगेत गेला आणि कडेशी अर्धा कापला गेला. आईच्या नावाची नुसती वरची शिरोरेघ उरली.

४

तिने जे जे येत होतं ते सगळं केलं. अपग्रेड मागे घेतलं. बॅकअपमधून शनिवारचं पान जसंच्या तसं आणून बसवलं. शनिवारी हेच पान सरळ होतं. आता त्याच पानात दोन जागा रिकाम्या होत्या. तिने स्क्रीनचा संगणक बदलला. नवीन आणलेल्या संगणकाने पहिल्यांदा पान उघडलं तेच वाकडं. तिने चौकटी लहान केल्या, म्हणजे पाच-पाच मावतील. जागाही त्याच मापाने लहान झाल्या आणि एकेकीच्या तीन-तीन झाल्या. घाईघाईने तिने ते पूर्ववत केलं.

मग तिने दादाला फोन लावला.

"अगं, किती दिवसांनी!" तो म्हणाला. पाठीमागे त्याच्या घरातली मुलं ओरडत होती.

"दादा, हाडांच्या वॉर्डाच्या पानात तू एक ओळ घातली होतीस. आठव्या चौकटीला डावीकडे ओढणारी. वजा आकडा. कशासाठी होती ती?"

मुलांचा आवाज दूर गेला, दार लावल्याचा आवाज आला.

"काढलीस का?"

"कशाला लागते तेच कळेना. काढली."

"तिथे एक फट राहत होती. मला कारण सापडलं नाही. आठ दिवस डोकं फोडलं. शेवटी आकडा घालून ओढून घेतली. पान बसलं, मी गप्प बसलो."

"ती ओळ परत घातली. आता ओढली जात नाही, दादा. आई आहे माझी त्या वॉर्डात."

"कितव्या खाटेवर?"

"अकरा. शेवटची."

"शेवटची बारावी ना?"

"तू गेलास तेव्हा बारा होत्या," ती म्हणाली.

"मी आलो तेव्हा चौदा होत्या," दादा म्हणाला. "आईला तिथून हलव. कसंही कर, पण हलव." आणि त्याने फोन ठेवून दिला. पुन्हा लावला तर उचलला नाही.

५

बुधवारी सकाळी आईची खाट अर्धी दाराबाहेर होती. चहा आला तो दहा नंबरपर्यंत. गाडी वळली आणि मागे गेली.

"मला काल रात्रीपासून कुणी विचारलंच नाही गं," आई म्हणाली. तिचे ओठ सुकले होते. "हाक मारली. बघतात माझ्याकडे. पण कशी बघतात, भिंतीकडे बघावं तशी."

तिने आईला पाणी पाजलं आणि सिस्टरांपुढे जाऊन उभी राहिली.

"माझ्या आईला दुसऱ्या वॉर्डात हलवा. आत्ताच्या आत्ता. मी सही करते."

"कोणता नंबर?"

"अकरा."

सिस्टरांनी यादीवरून बोट फिरवलं. ते बोट दहावर थांबलं. "आमच्याकडे दहाच खाटा आहेत."

"सिस्टर, ही बघा! समोर आहे!" तिने त्यांचा खांदा धरून त्यांना वळवलं. सिस्टरांची नजर दारावरून गेली, आईवरून गेली, कुठे अडखळली नाही. चांगली बाई होती ती. गेल्या गुरुवारी तिनेच आईची वेणी घातली होती.

मग तिने स्वतःच चाकांचे ब्रेक काढले आणि खाट बाहेर ढकलली. खाट वीतभर हलली. पायाचं वजन हेलकावलं आणि आई अशी ओरडली की तिचे हात आपोआप सुटले. त्या ओरडण्यावर वॉर्डातल्या एकानेही मान वळवली नाही. स्क्रीनच्या तळाशी आईच्या नावाची शिरोरेघ केसाएवढी बारीक झाली होती.

"आई, मी आलेच. तू बोलत राहा. कुणाशीही, पण बोलत राहा."

"काय बोलू?"

"काहीही. माझं नाव घेत राहा."

ती जिन्यावरून धावत खाली गेली, आणि तळघरापर्यंत तिला आईचा आवाज येत राहिला, किंवा येतोय असं वाटत राहिलं.

६

पुसलेली कोरी नोंद परत आली होती. तारीख रविवारचीच.

तिच्या मनात आलं ते शहाणपणाचं नव्हतं. पण शहाणपणाचं सगळं करून झालं होतं. जागा काढता येत नाही, तर ती भरायची. भरलेली जागा निदान पसरत तरी नाही. खोटी माहिती घालून पान तपासणं हे तिचं रोजचंच काम. तिने नावाच्या जागी लिहिलं, 'चाचणी पेशंट'. वय पन्नास. रोज सकाळी एक गोळी. आणि नोंद जतन केली.

वॉर्डाचा स्क्रीन लुकलुकला. सातनंतर एक भरलेली चौकट आली. दुसरी जागा मिटली. अकरा नंबर वर आला, तिसऱ्या रांगेत, अख्खा. आईचं नाव पुरतं वाचता येत होतं. तिने टेबलावर डोकं ठेवलं आणि ती हमसून हमसून रडली.

वीस मिनिटांनी फोन वाजला.

"ताई, अकरा नंबरच्या तुमच्या आई ना? त्यांना चहा दिला हो. राहिला होता कसा कोण जाणे," सिस्टर म्हणाल्या. "आणि एक चूक झालीय बघा तुमची. सातच्या शेजारच्यांचं नाव चुकलंय."

"ते... ते नाव नाहीये, सिस्टर. मी तपासायला घातलंय. तिथे कुणी नाही."

"असं कसं? नाव पुकारलं तर पडद्याआडून ओ आली. गोळी घेतली त्यांनी. तळहात पुढे केला, मी ठेवली."

"चेहरा बघितलात?"

"वेळ कुठे असतो हो आम्हाला," त्या म्हणाल्या. "पण म्हणाले, हे माझं नाव नाही. दुसरं द्या."

"कोणतं?"

"ते नाही सांगितलं. इथली पानं कोण बघतं, म्हणून विचारलं. मी तुमचं नाव सांगितलं."

७

भिंतीपलीकडची घरघर थांबली होती. केव्हा थांबली, तिला कळलं नाही.

स्क्रीनवर सातनंतरच्या चौकटीतलं 'चाचणी पेशंट' मागून पुसलं जात होतं, एकेक अक्षर. मग त्याच जागी दुसरं नाव उमटायला लागलं, सावकाश, लिहायला शिकणारा माणूस लिहितो तसं. पहिलं अक्षर तिच्या नावाचं होतं. दुसरंही.

ती पुसण्याच्या बटणावर बोट ठेवून बसली. दाबलं, तेव्हा नावाचं एक अक्षर गेलं आणि अकरा नंबरची चौकट बोटभर खाली घसरली. बोट उचललं. अक्षर परत आलं, चौकट वर सरकली. तिने आणखी एकदा दाबून पाहिलं. आईच्या नावाचा खालचा भाग कापला गेला. कुठल्याही कोडमध्ये असलं काही लिहिलेलं नव्हतं, आणि तिला ते पक्कं माहीत होतं.

तिने हात मांडीवर घेतले.

नाव पुरं झालं. पानाने स्वतःला एकदा नीट आवरून घेतलं. चौकटी किंचित आखडल्या, रांगा वर आल्या, आणि तळाशी बारा नंबरही आला, मास्तरांचं नाव, औषधांच्या वेळा, सगळं. दोन दिवसांत इतकं सुरेख पान तिने पाहिलं नव्हतं.

वर वॉर्डात सगळं जागच्या जागी होतं. मास्तरांच्या बायको त्यांना थर्मासमधलं काहीतरी भरवत होत्या आणि मास्तर ते गार आहे म्हणून कटकट करत होते. बाईंचे डोळे सुजलेले होते, पण का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. सिस्टर आईची वेणी घालत होत्या.

"उद्या ऑपरेशन ना? भीती वाटते का?"

"नाही वाटत. मुलगी असते ना माझी जवळ."

ती खाटेच्या पायथ्याशी जाऊन उभी राहिली. "आई."

आईने दाराकडे पाहिलं. तिची नजर मुलीच्या अंगावरून गेली, न अडखळता. मावशी फरशी पुसत आल्या. ओलं फडकं तिच्या पावलांना लागलं आणि खुर्चीच्या पायाला वळसा घालावा तसं पुढे गेलं.

"आई, मी आहे. इकडे बघ. मी इथे आहे!" तिने आईचा हात धरला. आईने तो सोडवून घेतला नाही. गार वारा लागल्यासारखा फक्त चादरीखाली घेतला.

"आत्तापर्यंत यायला हवी होती," आई म्हणाली, आणि मग, सकाळी सांगितलं होतं तसं, तिने मुलीला हाक मारली. घरातल्या नावाने, शेवटचं अक्षर लांबवून.

तिने ओ द्यायला तोंड उघडलं.

"ओ, आई!" सात आणि आठच्या मधून आवाज आला. "आले हं."

हिरव्या पडद्याखाली दोन अनवाणी पावलं खाटेवरून फरशीवर उतरली. जमीन किती खोल आहे याचा अंदाज नसल्यासारखी आधी बोटं टेकली, मग टाचा. मग पावलं वळली, अकरा नंबरच्या दिशेने. पडद्याच्या कड्या एकेक करून सरकायला लागल्या.

तिला तिकडे पाहवलं नाही. ती आईकडे पाहत राहिली. आईचा चेहरा उजळत होता.